करंगळीचं पहिलं पेर

अन्याय झाला तो जैनब मणियार हिच्यावर. राहणार जामखेड, वय अठरा, माझी थोरली बहीण. बेचाळीस सालच्या दिवाळीनंतरचा दुसरा गुरुवार होता, दुपारची अजान नुकतीच होऊन गेली होती आणि तव्यावर तिसरी भाकरी होती. करणारे चौघं : एक फौजदार, एक हेडमास्तर, एक देशभक्त आणि चौथी मी. पत्रक असंच सुरू करायचं असतं, हे मला पंधराव्या वर्षी शिकवलं गेलं. पहिल्या ओळीत कुणावर, केव्हा, कुणी. रडायचं असेल तर दुसऱ्या परिच्छेदात. पुढं साठ वर्षं मी अशीच पत्रकं लिहिली, विडी वळणाऱ्या बायांसाठी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी, आणि त्यातली कित्येक त्याच दिवशी भज्यांच्या कागदात गेली. हे एक पत्रक तेवढं लिहायचं राहिलं होतं. कारण चौथं नाव लिहायला हात उचलत नव्हता.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काच, मागच्या खोलीत माणसं. काकणं गवतात बांधून खोक्यातून यायची, त्यामुळे घराला बारा महिने वाळल्या गवताचा वास असायचा आणि आमच्या केसांतसुद्धा काड्या सापडायच्या. पहाटे अब्बा तट्टावर माल लादायचे, तेव्हा काच किणकिणायची. तो आवाज ऐकूनच आम्ही उठायचो, आणि आज इतक्या वर्षांनी कुणी कपबशांचा ट्रे घेऊन आलं की माझे पाय आपोआप अंथरुणाबाहेर पडतात. अब्बा बाजार करत मोगलाईत जायचे. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, आमच्यापासून काही कोसांवर. आठ-आठ दिवस परतायचे नाहीत. अम्मा डोक्यावर टोपली घेऊन गावात आणि वाड्यावस्त्यांवर जायची, घराघरात बसून बायकांना काकणं भरायची. घरात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. अब्बा परतले की हुलग्याचे शेंगोळे, लसणाची फोडणी अशी की शेजारची पोरं दारात येऊन उभी राहायची. आम्ही घरात दखनी बोलायचो, दारात मराठी, आणि चिडलो की दोन्ही. इथं सगळं मराठीतच लिहिते.

लढाई सुरू झाली आणि जपानी काकणं बंद झाली. उत्तरेकडून येणारा माल आठवड्याऐवजी महिन्यानं यायचा आणि वाटेत निम्मा फुटायचा. खोकं उघडलं की फुटकी बाजूला काढायची, उरलेली मोजायची आणि सारख्या जुड्या बांधायच्या, हे जैनबचं काम. मी तिला आपा म्हणायची. जुड्या सारख्याच हव्यात, हा अब्बांचा दंडक. बाजाराच्या गर्दीत प्रत्येक जुडी मोजत बसायला वेळ नसतो.

आमच्याकडे मोजायची रीत वेगळी होती. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर, म्हणजे तळव्यालगतच्या पेरावर ठेवायचा : एक. मधलं पेर दोन, टोकाचं तीन. मग शेजारच्या बोटाच्या तळाशी चार, आणि असं करत अंगठ्याजवळच्या बोटाच्या टोकाला बारा. अम्मा तसबीह, म्हणजे अल्लाच्या नावाचा जपसुद्धा, याच पेरांवर म्हणायची आणि काकणंही याच पेरांवर मोजायची. बारा झाले की एक हात झाला. डाव्या हातावर अंगठा एक पेर पुढं सरकवायचा आणि उजवा पुन्हा करंगळीपासून. बारा हा शब्दच आमच्या घरात नव्हता. अठ्ठावीस काकणं असतील तर अम्मा म्हणायची, दोन हात चार. गिऱ्हाईक बाया हसायच्या. "मणियारनी, तुझं गणित लंगडं हाय," असं पाटलीणबाई म्हणायच्या, आणि अम्मा त्यांचं मनगट दाबत म्हणायची, "लंगडं असंल, पर तुमच्या हातात बराब्बर बसतंय न्हवं?"

आणखी एक रीत. जुड्या बांधून एखादं काकण उरलं, तर ते विकायचं नाही. दारात जी पहिली पोर येईल तिच्या हातात घालायचं. उरलेलं काकण घरात ठेवलं की धंदा रुसतो, असं अम्मा म्हणायची. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या हातात एकटं एक काकण असायचं ते त्यामुळे.

आपाला हे उरलेलं काकण छळायचं. छत्तीस काकणं असली की कशाही जुड्या बांधा, दोनाच्या, तिनाच्या, चाराच्या, सहाच्या. एक जास्त झालं, सदतीस, की कशाच्याच होत नाहीत. कायम एक तरी लोंबकळत राहतं. अशा आकड्यांना तिनं नाव ठेवलं होतं : अडेल. पुढं मास्तरांनी सांगितलं की पुस्तकात त्यांना मूळ संख्या म्हणतात. आपा म्हणाली, असू दे, पुस्तकवाल्यांनी कधी जुड्या बांधल्या नसतील.

एक दिवस ती हुलगे निवडता निवडता थांबली आणि मला म्हणाली, "अमी, हात दाव." माझ्या बोटांवर तिनं चुलीतल्या कोळशानं चार ठिपके दिले. करंगळीचं पहिलं पेर, शेजारच्या बोटाचं मधलं, मधल्या बोटाचं पहिलं, अंगठ्याजवळच्या बोटाचं मधलं. म्हणजे एक, पाच, सात, अकरा. म्हणाली, दोन आणि तीन सोडले तर जगातला कुठलाही अडेल आकडा हातांनी मोजत गेलीस तर शेवटचं पेर या चारांतलंच येणार. पाचवं पेर कधी येणार नाही. मी म्हटलं, कशावरून? ती म्हणाली, टोकाची पेरं सगळी तिनाची, तिथं थांबला तो तिनाच्या जुड्यांत बसतो. समाची पेरं दोनाची. आणि आख्खा हात मुळातच दोनातही बसतो, तिनातही, म्हणून किती का हात होईनात, फरक पडत नाही. राहिली ही चार. प्रत्येक बोटात एक. मी लगेच तिला पकडायला गेले. पंचवीस म्हणजे दोन हात एक, करंगळीच्या पहिल्या पेरावर येतात, पण पाच पाचाच्या जुड्या होतात की. ती हसली. "घरं चारच हायेत म्हनलं मी. त्या घरात ऱ्हानारा परत्येक जन अडेल हाय असं कुटं म्हनलं?"

ती हे सगळं एका वहीत लिहायची. लाल पुठ्ठ्याची, लांब पानांची वही, अब्बांनी बार्शीहून आणलेली. लिहिण्याची पद्धतही तिचीच. डावीकडे हात, उजवीकडे पेर. सात साती एकोणपन्नास म्हणजे चार हात एक, म्हणून ती लिहायची ४१. पण दहा आणि अकरा पेरांना एकेरी खूण हवी, म्हणून तिनं दहाला द आणि अकराला अ लावला. अकरा अकरे एकशेएकवीस, म्हणजे दहा हात एक. वहीत ते असं दिसायचं : अ × अ = द१. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या बहिणीचं आयुष्य या एका ओळीनं संपवलं.

त्या ओळीचा अर्थ तिनं मला जमिनीवर काकणं मांडून दाखवला होता. सात ओळी, प्रत्येकीत सात काकणं. मग शेवटची ओळ उचलून हातात घेतली आणि उरलेल्या सहा ओळींच्या टोकाला एकेक काकण ठेवत गेली. सहा ओळी झाल्या, आठ आठ काकणांच्या. हातात एक उरलं. म्हणजे सात साती आणि सहा आठे यात फरक एकाचा. कुठलाही अडेल घे, ती म्हणाली, त्याचे दोन्ही शेजारी सम असतात, त्यातला एक चारात बसतो. आणि लागून आलेल्या तिघांतला कुणीतरी एक तिनात बसतोच. अडेल स्वतः बसत नाही, म्हणजे शेजारी बसतो. झालं की. शेजाऱ्यांचा गुणाकार नेहमी पुऱ्या दोन-दोन हातांत बसणार आणि वर एक उरणार. अडेल स्वतःलाच गुणला की तो कायम करंगळीच्या पहिल्या पेरावर येऊन थांबतो. तिनं हातातलं काकण माझ्या मनगटात सरकवलं. दारात पहिली पोर मीच होते.

मी गणितात कच्ची. तरी त्या दुपारी मला वाटलं होतं की आपण काहीतरी उघडं पाहिलं, जे पाहायची परवानगी नव्हती.

आपाला फायनलला बसायचं होतं. मराठी सातवीची फायनल पास झाली की मास्तरीण होता येत असे. जामखेडात मुलींच्या वर्गाला बाई मिळत नव्हती, आणि अब्बांनी कबूल केलं होतं की पास झालीस तर लग्नाचं दोन वर्षं बोलणार नाही. फॉर्म बाहेरून भरायचा, त्याला शाळेचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचा. शाळेतले एक मास्तर तिला रविवारी शिकवायला येत. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या नावाची पाटी आता एका चौकात आहे, ती वाचणारे वाचतील. बाहेर ओट्यावर बसत, गूळ-पाणी घेत, आणि आपाची वही पाहताना चष्मा कपाळावर सरकवत. एकदा अम्माला म्हणाले, "मणियारभाभी, तुमच्या घरात काय आहे ते तुम्हाला कळत नाही." अम्मा म्हणाली, कळतं की, काच हाय, म्हनून तर जपून चालतो.

तेच मास्तर चळवळीत होते. आणि तिथं त्यांना मी उपयोगी होते, आपा नाही. बुलेटिनं यायची कुठून, छापायचं कोण, मला ठाऊक नव्हतं. माझं काम एवढंच की काकणांच्या जुड्यांना ती कागदं गुंडाळायची आणि अम्माच्या मागं टोपली घेऊन जाताना ठरलेल्या घरी ठरलेली जुडी द्यायची. मणियारणीच्या टोपलीत कुठला शिपाई हात घालणार? बाईमाणसाच्या काकणांना हात लावला तर गाव तोंडात शेण घालेल. मास्तर मला मजकूरही लिहायला लावत. पहिली ओळ कशी हवी ते सांगत. माझ्या वाक्यांतली विशेषणं खोडत. त्या वर्षी मी इतकी ताठ मानेनं चालत असे की अम्माला वाटायचं पोरीची मान आखडली. आपाला मी काही सांगितलं नव्हतं. ती जुड्या बांधणारी. कुठल्या जुडीला कुठला कागद आहे हे तिला दिसत नसेल, असं मी समजत होते. पंधरा वर्षांच्या मुलीला देशाचं सगळं कळतं आणि घरातलं काही कळत नाही.

त्या गुरुवारी एका वस्तीवर बुलेटिन सापडलं, काकणांच्या वळणाच्या सुरकुत्या असलेलं. फौजदार हुशार होता. दुपारी तो आमच्या दारात आला, बरोबर दोन शिपाई. अब्बा मोगलाईत. अम्मा चुलीपुढं. पुढच्या खोलीत गवताची मोठी टोपली होती, तिच्या तळाशी एक्केचाळीस कागद. मी भिंतीला टेकून उभी, आणि माझ्या ताठ मानेचं काय झालं ते सांगत नाही. शिपायांनी खोकी उलटी केली, उशा चाचपल्या. फौजदार टोपलीकडं वळला. आपा शांतपणे म्हणाली, "सायेब, फुटकी काच हाय त्यात. हात कापंल." त्यानं शिपायाच्या हातातली काठी मागितली.

तेवढ्यात आपानं फळीवरची लाल वही ओढली आणि पदराखाली घेतली. घाईनं, अवघडून, सगळ्यांना दिसेल अशी. फौजदारानं काठी टाकली.

वहीची पानं उलटताना त्याचा चेहरा कसा होत गेला ते मला अजून दिसतं. माणसाला हवं ते सापडलं की तो असा दिसतो. ओळींमागून ओळी. ५ × ५ = २१. ७ × ७ = ४१. अ × अ = द१. आणि मग ११ × ११ = १२१. तिथं त्यानं बोट ठेवलं. "हे एक बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणजे गणित येतं हिला. मग बाकीचं मुद्दाम चुकवलंय." आपाचा ११ म्हणजे एक हात एक, तेरा, आणि तिचे १२१ म्हणजे बारा हातांचा एक गठ्ठा, दोन हात आणि एक, एकशे एकोणसत्तर, हे त्याला कोण सांगणार? आपा सांगू लागली. हात पुढं करून पेरं दाखवू लागली. शिपाई हसला. फौजदारानं त्याला गप्प केलं आणि अगदी सावकाश, शाळेत विचारावं तसं विचारलं, "अ म्हणजे अहमदनगर. द म्हणजे दौंड. मधे रेल्वेचे रूळ आहेत. एक म्हणजे किती वाजता?"

आपानं आगगाडी कधी पाहिली नव्हती.

तिला चावडीवर नेलं. अम्मा जळकी भाकरी तव्यावर टाकून मागं गेली. मी मागल्या दारानं शाळेकडं धावले. मास्तर वर्गाबाहेर आले. मी एका दमात सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही चला, ती वही गणिताची आहे हे तुम्हालाच माहीत आहे, तुम्ही दोन मिनिटांत पटवून द्याल. त्यांनी वर्गाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले की ते गेले तर हा मास्तर मणियाराच्या घरी का जातो हे विचारलं जाईल, आणि तिथून धागा ओढला तर अकरा माणसं आत जातील. त्यांतल्या दोघांची बायकापोरं तू पाहिली आहेस, म्हणाले. मग शेवटी एक वाक्य म्हणाले. "अमीना, वही काय, पुन्हा लिहिता येते."

मला ते पटलं. हे मी लिहिते आहे ते नीट वाचा. मला कुणी धमकावलं नाही, बांधून ठेवलं नाही. मला पटलं. मी घरी आले, एक्केचाळीस कागद चुलीत घातले आणि त्या विस्तवावर डाळ शिजवली.

दिवेलागणीला दोघी परत आल्या. आपाला कुणी हात लावला नव्हता, पण दुपारभर चावडीत पुरुषांच्या घोळक्यात उभं ठेवलं होतं आणि एकच प्रश्न विचारला होता, हे तुला कुणी शिकवलं? ती दर वेळी म्हणाली, कुणी न्हाई, माझं मी. ते खरंच होतं, आणि तेच एक कुणी खरं मानलं नाही. वही मुद्देमाल म्हणून ठेवून घेतली. जेवताना ती एवढंच बोलली की डाळीला कागदाचा वास येतोय. अम्मा म्हणाली, कसला कागद? आपा माझ्याकडं न बघता म्हणाली, असंल, जुन्या रद्दीचा.

पुढचं पत्रकात दोन ओळीत मावलं असतं. अब्बा परतल्यावर दाखला मागायला शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, चावडी चढलेल्या मुलीला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मी कुठल्या तोंडानं देऊ? मास्तर त्याच खोलीत वह्या तपासत बसले होते. अब्बा सांगत होते की त्यांनी मान वर केली नाही. मी वर्षानुवर्षं या प्रसंगावर संतापत आले आहे, आणि दर वेळी संताप मास्तरांपाशी पोचला की पुढं सरकून माझ्यापाशी येतो. दाखला नाही म्हणून फॉर्म नाही. फॉर्म नाही म्हणून अब्बांचा शब्द सुटला. फौजदाराची माणसं दर आठवड्याला दारावरून चक्कर मारू लागली, तेव्हा अब्बांनी विचार केला की मोगलाईत इंग्रजांचा पोलीस येत नाही. हिशेब त्यांच्या परीनं बरोबरच होता. दोन महिन्यांत आपाचं लग्न सरहद्दीपलीकडच्या एका बिजवराशी लागलं. माणूस वाईट नव्हता. त्याला आधीची तीन मुलं होती आणि एक स्वयंपाकघर होतं.

वही पुन्हा लिहिता आली नाही. लग्नाआधी मी तिला नवी वही आणून दिली होती. तिनं पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि थांबली. म्हणाली, तिकडं एक काम अर्धं राहिलंय, त्याच्या खुणा त्या वहीत आहेत. कुठलं काम, मी विचारलं. मग तिनं सांगितलं. चार घरं खरी, पण त्या चारांत अडेल सारखे वाटले जातात का, ते ती मोजत होती. बारा हातांपर्यंत मोजलं तर मधल्या बोटात नऊ निघाले, करंगळीशेजारच्यात नऊ, अंगठ्याजवळच्यात आठ आणि करंगळीत फक्त सहा. ती खूप पुढपर्यंत गेली होती आणि करंगळी मागंच राहत होती. थोडी, पण मागं. मी म्हटलं, लहान बोट आहे. तिला हसू आलं नाही. म्हणाली, "मला वाटतंय, वर्ग सगळे त्याच पेरावर येऊन बसत्यात ना, म्हनून अडेलांना तितं जागा कमी पडती. पर ते नुस्तं वाटतंय. दाखवता येत न्हाई." मग वही मिटून तिनं अम्माच्या टोपलीत ठेवली. अम्मानं ती पानं जुड्यांना गुंडाळली.

तीन वर्षांनी मी तिला भेटायला गेले. तोवर दोन मुली झाल्या होत्या, तिसऱ्याचे दिवस होते. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. दारातल्या लिंबाखाली बसून ती मिरच्यांची देठं काढत होती. मी पुण्यातल्या सभांचं सांगत राहिले, ती हुं हुं करत राहिली. शेवटी मी विचारलं, जे विचारायलाच गेले होते.

"आपा, त्या दिवशी तू वही मुद्दाम दाखवलीस?"

तिनं एक देठ काढलं, दुसरं काढलं. "टोपलीत किती हुती?" ती म्हणाली.

"कागद? एक्केचाळीस."

तिचा अंगठा बोटांवरून सरकत गेला. किती दिवसांनी मी ते बघत होते. "तीन हात पाच," ती म्हणाली. "अडेल." आणि मग, "वही एकच हुती, अमी."

मी रडायला लागले. म्हटलं, मी चावडीवर येऊन बोलायला हवं होतं. ती मिरच्यांचे हात लांब धरून कोपरानं माझं डोकं जवळ ओढत म्हणाली, "बोलली असतीस तर दोगीबी आत गेलो असतो. आता निदान एक तरी उरली." धाकटी मुलगी रांगत येऊन माझ्या मनगटातल्या काकणाशी खेळत होती. मी ते काढून तिच्या हातात घातलं. ते मोठं झालं, घरंगळून पडलं, पण फुटलं नाही.

त्या बाळंतपणात आपा गेली. मूलही गेलं. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

स्वातंत्र्य आलं. मास्तरांचा सत्कार झाला, पुढं माझाही. दर पंधरा ऑगस्टला कुठल्यातरी शाळेत मला खुर्चीवर बसवतात आणि सांगतात की या बाईंनी काकणांतून बुलेटिनं वाटली. टाळ्या वाजतात. मी एकदा उठून म्हटलं की माझ्या बहिणीचं सांगा, तर सूत्रसंचालक म्हणाले, त्या चळवळीत होत्या का? मी फौजदार कचेरीत वही मागायला तीनदा गेले. पहिल्यांदा अर्ज करा म्हणाले, दुसऱ्यांदा अर्ज सापडत नाही म्हणाले, तिसऱ्यांदा एका भल्या कारकुनानं चहा पाजून सांगितलं की त्या सालचा मुद्देमाल वाळवीनं खाल्ला. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका बाईंना मी आपाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की हे नवं नाही. चार घरांचा नियमही जगाला ठाऊक आहे, वर्गांचाही, आणि करंगळी मागं पडते हेसुद्धा पूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. कारणही साधारण तिनं म्हटलं तसंच देतात. मग त्यांनी विचारलं, हे तुमच्या बहिणीनं कुठून वाचलं? मी म्हटलं, कुठून वाचणार, बाई? तिच्याकडं पुस्तक नव्हतं. काकणं होती.

म्हणजे शोध जुना होता. असेल. ज्यांना तो आधी लागला त्यांना कुणी चावडीत उभं केलं नाही, वर्तणुकीचा दाखला मागितला नाही, आणि त्यांची वही चावडीत सोडून त्यांच्या बहिणीनं घरी डाळ शिजवली नाही. माझं रागावणं अजून संपलेलं नाही आणि ते संपावं अशी माझी इच्छाही नाही. पण रागाचं पत्रक लोक भजी खाऊन टाकून देतात, हे मला कळलं आहे. म्हणून तुमच्याकडं मी सहानुभूती मागत नाही. काम सांगते.

हे पान मांडीवर ठेवा आणि उजवा हात उघडा. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवून पाच पाचे पंचवीस मोजा, मग सात साती, मग दम असेल तर तेरा तेरे. कुठं थांबता ते बघा. आणि उद्या तुमच्या दारात जी पहिली मुलगी येईल, भाजीवालीची, शेजाऱ्यांची, तुमची स्वतःची, तिचा हात हातात घेऊन तिला हे दाखवा. तिला जमेपर्यंत सोडू नका. तिनं काही वेडंवाकडं लिहिलं तर खोडू नका, आधी विचारा. आणि हा नियम कुणाचा असं ती म्हणाली, तर जामखेडच्या जैनब मणियारचा म्हणून सांगा. माझं नाव घेऊ नका.